जुन्या स्पोर्ट्स कारचा पत्रा आणि रंग : मांजरी-पुणे परिसराच्या संदर्भात एक आढावा

अभिजात स्पोर्ट्स कार ही संज्ञा प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत तयार झालेल्या, दोन आसनांच्या, वजनाने हलक्या आणि वेगासाठी आकार दिलेल्या मोटारींना लावली जाते. अशा मोटारीचे इंजिन जपण्यापेक्षा तिचे बाह्यांग, म्हणजे पत्रा आणि त्यावरचा रंग, जपणे जास्त अवघड असते. इंजिनाचा झिजलेला भाग मोजून, चांगल्या लेथवर नव्याने कातून घेता येतो. परंतु हाताने ठोकून घडवलेल्या मडगार्डचा बाक कोणत्याही आराखड्यात पुरता उतरलेला नसतो, तो त्या पत्र्यातच असतो, आणि पत्रा गंजून गेला किंवा चुकीच्या हाताखाली ताणला गेला की त्या आकाराची मूळ प्रतच नाहीशी होते. म्हणून जुन्या गाडीच्या बाह्यांगाचा विचार करताना नवेपणा किती आणावा यापेक्षा जुने किती टिकवता येईल हा प्रश्न आधी यायला हवा. तो प्रश्न महाराष्ट्राच्या हवेत, येथल्या पाण्यात आणि येथल्या कारागिरांच्या हाती कसा सुटतो, याचा हा आढावा आहे.

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठावर वसलेल्या मांजरीचे नाव या विषयाशी जोडण्यास एक ठोस कारण आहे. आज मांजरीत सीरम इन्स्टिट्यूटचा विस्तीर्ण परिसर उभा आहे. या संस्थेचे संस्थापक सायरस पूनावाला यांनी लस-उद्योगाकडे वळण्यापूर्वी, वयाच्या विशीच्या सुमारास, मित्राच्या साथीने एक स्पोर्ट्स कार बनवून पाहिली होती. तिचा नमुना होता जॅग्वार कंपनीची डी-टाइप, आणि खर्च आला होता सुमारे १२० डॉलर. अशा गाडीचे उत्पादन करायचे तर लागणारे भांडवल आवाक्याबाहेरचे आहे हे ध्यानात आल्यावर तो बेत मागे पडला, आणि कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तजलासाठी दिले जात असत या वस्तुस्थितीतून १९६६ साली सीरमची उभारणी झाली. लसींच्या इतिहासात या गाडीला तळटीपेपुरतीच जागा मिळते; पण मोटारीच्या बाह्यांगाच्या दृष्टीने पाहिले तर त्या तरुणांनी नमुना म्हणून जी गाडी निवडली ती त्या काळातली पत्रेकामाची बहुधा सर्वांत कठीण परीक्षा होती.

डी-टाइप १९५४ साली आली आणि १९५५, १९५६ व १९५७ अशी सलग तीन वर्षे फ्रान्समधील ल मॉँची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. ते विमान-उद्योगातून आलेले होते आणि हवेच्या प्रवाहाचे गणित मांडून वक्ररेषा काढत असत. गाडीचा मधला भाग मोनोकॉक पद्धतीचा होता, म्हणजे वेगळा सांगाडा न ठेवता ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याच्या कवचालाच सगळा भार पेलायला लावलेला होता. अशा गाडीत पत्रा हे नुसते पांघरूण राहत नाही, तोच हाड आणि तोच कातडी असतो. त्यामुळे त्याला पडलेला पोचा हा केवळ दिसण्याचा दोष न राहता बळकटीचा प्रश्न होतो. या गाडीचा उघडा, कोठेही सरळ रेष नसलेला पृष्ठभाग हाताने तयार करणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी सपाट पत्रा दोन दिशांनी वाकवून पाहिला आहे त्यालाच कळते. कागदासारखा एका दिशेने वाकणारा पत्रा दोन दिशांनी वाकायचा तर तो कुठे तरी ताणावा लागतो किंवा कुठे तरी आवळावा लागतो, आणि सारे कौशल्य त्या ताणण्या-आवळण्याच्या प्रमाणात असते.

सर्वच स्पोर्ट्स गाड्या अशा कवचाच्या नव्हत्या. एमजी कंपनीची टी मालिका, म्हणजे १९४५ ते १९४९ ची टीसी आणि तिच्यानंतरच्या टीडी व टीएफ, यांत ॲश नावाच्या लवचीक, वाफेने सहज वाकणाऱ्या लाकडाच्या चौकटीवर पोलादी पत्रा खिळलेला असतो. जॅग्वारची एक्सके १२० ही १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात दाखवली गेली तेव्हा तिलाही ॲशची चौकट आणि ॲल्युमिनियमचे अंग होते. अशा सुमारे २४० गाड्या झाल्यावर मागणी पुरवण्यासाठी १९५० पासून ती पोलादात दाबून काढली जाऊ लागली. अमेरिकेच्या शेव्हरले कॉर्व्हेटने १९५३ मध्ये काचतंतू आणि रेझिनचे, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतो त्याचे, अंग आणले, आणि भारतात १९९० च्या दशकाअखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडीही त्याच वाटेने गेली. फायबरला गंज चढत नाही, पण त्याच्या वरच्या थरात ताणाने बारीक तडे जातात आणि नुसता रंग मारून ते झाकले तर काही महिन्यांत पुन्हा वर येतात. लाकडी चौकटीच्या गाडीत पत्र्याआधी लाकूड तपासावे लागते, कारण दार खाली झुकत असेल तर दोष बिजागरीत असण्यापेक्षा बिजागरीमागच्या कुजलेल्या खांबात असण्याची शक्यता अधिक असते. आपल्याकडे ॲश मिळत नाही म्हणून सागवान घालण्याचा मोह होतो. साग टिकाऊ आहे यात शंका नाही, पण त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे सरस आणि आधुनिक चिकटद्रव्ये त्यावर नीट धरत नाहीत, आणि वाफ देऊन वाकवण्यात त्याला ॲशची सर येत नाही.

पोलादी अंगाचा मुख्य शत्रू गंज आहे, आणि गंजाचे आकलन चुकले की पुढचे सगळे चुकते. लोखंड ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग पावून जे द्रव्य बनते ते मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात सुरू झालेला गंज ते पत्रे आतून फाकवत नेतो, आणि बाहेर रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत आतले बरेचसे काम झालेले असते. म्हणून रंगाचा बुडबुडा ही सुरुवात समजू नये, ती उशिरा मिळालेली वर्दी असते. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि हवेत मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी ओलाव्यातही ते सुरू होते. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात ठेवलेली गाडी आणि पुण्यात ठेवलेली गाडी यांतला फरक येथे पडतो. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असलेल्या पुण्यात पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या घरात पडतो, हवेत मीठ नसते आणि हिवाळा-उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे मुंबईच्या गाड्यांच्या मानाने पुण्यातल्या जुन्या गाड्यांचा तळ बरा निघण्याची शक्यता जास्त असते. मात्र पुण्याच्या पत्र्याचे नुकसान पावसाळ्यातल्या चिखलाने होते. चाकांच्या कमानींच्या आत, दारांच्या तळाशी आणि उंबऱ्याच्या पोकळ पन्हाळीत साचलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, पण दिवाळीपर्यंत आतून ओल धरून राहतो, आणि पाणी निघून जाण्यासाठी कारखान्याने ठेवलेली बोटभर भोके त्यानेच बुजतात. ती भोके दर पावसाळ्याआधी आणि नंतर तारेने मोकळी करणे हे या विषयातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा वापरलेले ऑइल मारून घेण्याची जुनी पद्धत आपल्याकडे अजून रूढ आहे. तेलाचा थर पाणी रोखतो हे खरे, परंतु डिझेलने रबराच्या बुशा फुगून मऊ पडतात, आणि चिकट थरावर धूळ बसून ती ओल धरणारी पेंड होते. त्याऐवजी पोट धुऊन पूर्ण कोरडे करणे आणि पोकळ भागांत मेणयुक्त संरक्षक द्रव आत सोडणे अधिक हिताचे ठरते. गंज चढलेला पत्रा पातळ झाला नसेल तर तो खरवडून, उरलेल्या गंजावर फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावले जाते. टॅनिक आम्ल म्हणजे हिरड्यात विपुल असणाऱ्या टॅनिनच्याच कुळातले द्रव्य. ते गंजातल्या लोखंडाशी संयोग पावून निळसर काळा, स्थिर थर तयार करते, आणि उत्खननात सापडलेल्या लोखंडी वस्तूंवर संग्रहालयांतही त्याचा उपयोग केला जातो. वाळूचा मारा करून गंज उडवणे जाड सांगाड्याला चालते, परंतु एक मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेल्या मोठ्या सपाट पत्र्यावर तो मारा केल्यास पत्रा तापून आणि ठोकला जाऊन लाटांसारखा होतो, आणि मग बॉनेटची ती लाट काढण्यासाठी गंजाच्या दुप्पट श्रम पडतात.

पोचा काढण्याचे काम पुण्यात डेंटर करतो, आणि या शब्दाच्या इंग्रजी वळणामुळे असे वाटते की ही कला मोटारीबरोबर बाहेरून आली. प्रत्यक्षात पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हेच काम दुसऱ्या धातूवर होत आले आहे. त्वष्टा कासार समाजाचे कारागीर तांब्याचा हंडा किंवा बंब घडवून झाल्यावर तो लोखंडी आधारावर धरून, चकचकीत केलेल्या हातोडीने एकापुढे एक, एकसारखे ठोके देत जातात. त्याला मठारणे म्हणतात. मठारण्याने भांड्यावर नक्षी उमटते हे सगळ्यांना दिसते, पण त्याचे मूळ प्रयोजन धातू सारखा आणि कडक करणे हे आहे. मोटारीच्या पत्र्यावर डेंटर एका हाताने आतून पोलादी गोटा, ज्याला डॉली म्हणतात, तो धरतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून हातोडी चालवतो, तेव्हा तो मठारतच असतो. फरक एवढाच, की तांबट ठोक्याची खूण ठेवतो आणि डेंटरला ती नाहीशी करायची असते. या दोन्ही व्यवसायांना मराठीत एकच क्रियापद पुरते, ही गोष्ट पत्रेकाम शिकवणाऱ्यांनी अभ्यासक्रमात घ्यावी इतकी मोलाची आहे.

एखादे मडगार्ड पोचा पडल्यावर पाहिले तर त्यात दोन प्रकारचे नुकसान एकत्र असते. मधला खोलगट भाग बहुतेक वेळा नुसता लवचीकपणे आत गेलेला असतो, आणि त्याच्या कडेने जी घडी पडलेली असते तेवढाच भाग खरा मोडलेला असतो. नवखा माणूस मधल्या खोलीवर आतून ठोके घालतो आणि पत्रा ताणून ठेवतो. जाणता कारागीर आधी ती घडी सोडवतो, आणि घडी सुटली की मधला भाग पुष्कळदा आपणहून आपल्या जागी येतो. त्यानंतर तो बारीक दातांची कानस पृष्ठभागावरून हलकेच फिरवतो. जिथे धातू चमकतो ते उंचवटे, जिथे काळा राहतो ते खळगे. मग एक-एक खळगा आतून उचलायचा, एक-एक उंचवटा डॉलीच्या बाजूला हातोडी पडेल अशा बेताने बसवायचा, आणि पुन्हा कानस फिरवायची. शेवटची परीक्षा डोळ्याने न करता तळहाताने केली जाते, आणि तळहाताखाली पातळ फडके धरले तर कातडी न अडखळता बोटांना सूक्ष्म चढउतार अधिक स्पष्ट लागतात. ताणला गेलेला पत्रा दाबला की डबीच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होतो. असा पत्रा रुपयाएवढ्या जागेत लाल होईपर्यंत तापवून, कडेने ठोकून, लगेच थंड करून आवळावा लागतो. ॲल्युमिनियमला तापल्यावर लाल रंग येतच नाही, ते अचानक वितळून भोक पडते, म्हणून जुने कारागीर त्यावर साबणाची रेघ ओढतात आणि ती तपकिरी-काळी झाली की ज्योत मागे घेतात. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओलाव्यात सूक्ष्म विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झिजते, त्यामुळे अशा सांध्यांत रोधक पट्टी घालावी लागते.

धातू शक्य तितका सरळ झाल्यावर उरलेली सूट भरण्यासाठी आपल्याकडे लांबी भरतात. आजची लांबी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची पूड यांचे मिश्रण. ती दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आणि पूर्ण कोरड्या, घासलेल्या धातूवर लावली तर वर्षानुवर्षे टिकते. पण ती ओलावा शोषते, त्यामुळे उघडी लांबी पावसाळी हवेत ठेवून दोन दिवसांनी रंग दिला तर तो पुढे फुगतो. खरी तक्रार मात्र लांबीबद्दल नाही, तिच्या जाडीबद्दल आहे. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या दशकांत सुटे पत्रे मिळत नसल्याने अनेक गाड्यांच्या दारांवर बोटभर जाडीचे थर चढत गेले, आणि आज त्या गाड्या उघडताना मूळ पत्र्याच्या जागी थरांचा खडक लागतो. चुंबकाने ही चाचणी घरीही होते: कापडात गुंडाळलेला लहान चुंबक पोलादी अंगावरून फिरवत गेले की लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही.

लांबी येण्यापूर्वी कारखाने सांधे आणि खळगे शिसे व कथील यांच्या मिश्रणाने भरत असत. सत्तर टक्के शिसे आणि तीस टक्के कथील असलेले हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि अडीचशेच्या पुढे पूर्ण पातळ होते. या दोन तापमानांच्या मधल्या अवस्थेत ते लोण्यासारखे लाकडी थापीने पसरता येते. ते लावण्याआधी पोलादाला कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, आणि हे काम म्हणजे नवसागर शिंपडून, कापसाच्या बोळ्याने पातेल्याला कल्हई करण्याचेच मोठे रूप आहे. शिशाचे काम पत्र्याशी एकजीव होते आणि कडेच्या जागी, जिथे लांबीचे तुकडे पडतात, तिथे ते अजूनही श्रेष्ठ आहे. त्याची धूळ मात्र विषारी असल्याने ते पॉलिश पेपरने सुके घासू नये, कानशीनेच उतरवावे, आणि आम्लाचा अंश धुऊन काढल्याशिवाय त्यावर प्रायमर देऊ नये.

रंगाचा इतिहास समजल्याशिवाय जुन्या गाडीला कोणता रंग शोभेल हे ठरवता येत नाही. मोटारींचे पहिले रंग बग्गीच्या परंपरेतले तेल-वार्निशाचे होते. त्यांचे अनेक हात द्यावे लागत आणि एक गाडी वाळायला आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज रंग मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. कापसाच्या तंतूवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून बनलेले हे द्रव्य थिनरमध्ये विरघळवून फवारले जाते, आणि थिनर उडून गेले की रंग वाळतो. त्यात दुसरी कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. मराठी घरांत आजही कपाटाला ‘ड्यूको’ करून घेतात, तो शब्द या मोटारीच्या रंगातूनच सुतारकामात उतरला. पुढे अल्किड एनॅमल, ॲक्रिलिक लॅकर, १९७० नंतर दोन घटक मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन, आणि १९८० च्या दशकात रंगाचा थर व त्यावर पारदर्शक थर अशी आजची पद्धत रूढ होत गेली.

जपणुकीच्या दृष्टीने यांतला एक भेद निर्णायक आहे. नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला गॅरेजमध्ये एनसी म्हणतात, थिनरने पुन्हा विरघळतो. त्यामुळे खरवडलेल्या जागी नवा रंग दिला तर तो जुन्या थरात मिसळून जातो आणि एवढ्याच भागाची दुरुस्ती शक्य होते. पॉलियुरेथेन एकदा घट्ट झाले की परत विरघळत नाही, ते ऊन आणि पेट्रोल दोन्ही सोसते, पण जुन्या एनसीवर ते सरळ मारले तर त्यातल्या तीव्र द्रावकांमुळे खालचा थर सुरकुततो. त्याची चमकही वेगळी असते: एनसीला घासून आणलेली मऊ, खोल झळाळी असते, तर आधुनिक पारदर्शक थर काचेसारखा दिसतो. १९५० च्या गाडीवर काचेसारखी चमक ही इतिहासाच्या दृष्टीने चूकच आहे, भले ती प्रदर्शनात कितीही टाळ्या मिळवो. ज्या गाडीवर मूळ रंगाचा अंशही उरलेला नाही आणि जी नियमित चालवायची आहे, तिला एकरंगी, पारदर्शक थराविना दिलेले पॉलियुरेथेन हा समंजस मध्यममार्ग ठरतो.

पुण्यात एनसी फवारण्याचा हंगामही पाहावा लागतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमून रंग पांढुरका पडतो. सावकाश उडणारे थिनर मिसळून हे काही अंशी टाळता येते, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या कामासाठी सर्वांत चांगला. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उलटी अडचण येते: रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. पॉलियुरेथेनच्या घट्टकात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात; त्यांच्या श्वासातून कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही सोसत नाही. तोंडाला रुमाल बांधून हा रंग मारणारे पेंटर आजही रस्त्याकडेच्या शेडमध्ये दिसतात. गाडीच्या रंगावर लाखो रुपये खर्च करणाऱ्या मालकाने त्या पेंटरला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा मिळतो की नाही हे पाहणे त्याच्या कर्तव्यातच मोडते.

रंगाची रोजची निगा हा विषय क्षुल्लक मानला जातो, पण महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांचा मूळ रंग गंजाने गेला त्याहून अधिक निगेच्या अतिरेकाने गेला असे म्हणण्यास जागा आहे. आजच्या गाडीवरचे सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात, म्हणजे मिलिमीटरचा फार तर सातवा हिस्सा; यंत्राने एकदा रबिंग केले की त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात, आणि मडगार्डच्या कडांवर, जिथे फवारलेला रंग मुळातच ओसरून पातळ बसतो, तिथे बफिंगचे चाक क्षणभर रेंगाळले तरी खालचा प्रायमर दिसू लागतो. रंगाची जाडी मोजणारे हातात मावणारे उपकरण आता सहज मिळते. पोलादावर ते चुंबकीय प्रेरणाने आणि ॲल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहाने मोजते, आणि त्याने गाडीच्या प्रत्येक भागाची वीस-तीस ठिकाणी नोंद केल्याशिवाय एनसीच्या गाडीला रबिंग लावू नये.

मांजरीसारख्या भागात तर निगेचा विचार हवेपासून सुरू होतो. एकेकाळी उसाची शेते, द्राक्षबागा आणि घोड्यांची कुरणे असलेल्या या गावात आज टोलेजंग इमारतींची बांधकामे चालू आहेत. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही जुन्या शेतीप्रधान मांजरीची आठवण ठेवणारी संस्थांची बेटे आहेत, आणि त्यांच्या भोवती सिमेंटची धूळ उडते. सिमेंटची भुकटी अल्कधर्मी असते. दंवाने ती भिजून रंगावर धरली की डाग खोल जातात. पुणे-दौंड लोहमार्ग मांजरी बुद्रुकजवळून जातो, आणि लोहमार्गाच्या परिसरात चाके-ब्रेकची सूक्ष्म लोहधूळ रंगात रुतून नारिंगी ठिपके उमटवते. ते पुसून जात नाहीत, मऊ चिकणमातीसारख्या खास लगद्याने, भरपूर साबणपाण्यासह, अलगद उचलावे लागतात. विंधनविहिरीचे आणि टँकरचे पाणी बहुधा जड असते, त्यामुळे धुतलेली गाडी उन्हात वाळली की क्षारांची पांढरी कडी राहतात.

सकाळी सोसायटीच्या आवारात गाड्या पुसणाऱ्याचे काम नजरेसमोर आणले तर हानी कशी होते ते नेमके कळते. एका बादलीत पाणी, त्यात एकच फडके. पहिली गाडी पुसताना फडक्यात आलेली वाळू दुसरीवर, दुसरीची तिसरीवर, आणि पाणी गढूळ झाले तरी बादली बदललेली नसते. शेवटी चमक यावी म्हणून त्यात थोडे रॉकेल टाकलेले असते. तिरप्या उन्हात पाहिले तर अशा गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल ओरखड्यांची नक्षी दिसते. त्या कामगाराला दोष देण्याचे कारण नाही. मिळणाऱ्या पैशांत आणि वेळात दुसरे काही शक्यच नसते. अभिजात गाडी मात्र या व्यवस्थेतून बाहेर काढली पाहिजे. धूळ कोरडी पुसू नये. आधी पाण्याच्या हलक्या धारेने ती ढिली करून सोडावी, मग दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळण्यापुरते साधे पाणी, वरून खाली, सावलीत, आणि शेवटची धार शक्यतो गाळलेल्या मृदू पाण्याची. पक्ष्यांची विष्ठा तर त्याच दिवशी, ओले फडके ठेवून मऊ करून उचलावी, कारण उन्हात तापलेला रंग मऊ होतो आणि तिच्यातले आम्ल त्यात ठसा उमटवते.

रंगावर शेवटी काय लावावे याबद्दल बाजारात बराच गोंगाट आहे. ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण एनसीला शोभते, ते पुन्हा उतरवता येते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हाताने लावणे पुरते. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे सिलिकायुक्त थर आधुनिक पारदर्शक रंगासाठी चांगले असतील, पण जुन्या लॅकरवर ते लावू नयेत: ते काढायचे तर घासूनच काढावे लागतात, आणि घासण्यात मूळ रंगच जातो. सिलिकोनयुक्त पॉलिशचा अंश सांध्यांत शिरला तर पुढच्या रंगकामात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, हेही विसरून चालत नाही. गाडी झाकण्यासाठी प्लॅस्टिक वापरू नये. पावसाळ्यात त्याखाली वाफ कोंडते. श्वास घेणारे सुती आच्छादन, जमिनीपासून थोडी उंची आणि शक्य असल्यास आर्द्रता शोषणारे यंत्र एवढे असले तर मुळा-मुठेकाठची गाडीही पावसाळा नीट काढते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे जुने किती ठेवावे याकडे, वळणे प्राप्त आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्युरिन सनदेत जे तत्त्व मांडले ते वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून घेतलेले आहे: आधी जतन, मग गरज असेल तेवढेच संवर्धन, आणि सर्वांत शेवटी पुनर्निर्माण, आणि जे नव्याने केले ते नोंदवून ठेवणे. भारतातही केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकींना व्हिंटेज मानले आणि ‘व्हीए’ अक्षरे असलेली स्वतंत्र क्रमांकमालिका दिली. त्यासाठीची अट अशी, की सांगाडा, बाह्यकवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे पत्र्याचे मूळपण हा आता नुसत्या आवडीचा विषय उरलेला नाही, तो नोंदणीच्या पात्रतेचा भाग झाला आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात बाहेर येते तेव्हा लोक तिच्या वेगासाठी जमत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तीच गाडी, तीच कांती डोळ्यांनी पाहायला जमतात. ही भावना स्पोर्ट्स कारच्या मालकांनीही आपलीशी करण्यासारखी आहे.

व्यवहारात याचा अर्थ फारसा गुंतागुंतीचा नाही. पत्रा कापण्याआधी तो सरळ होतो का हे पाहावे, पूर्ण दार बदलण्याआधी तळाची चार बोटे पट्टी जोडून भागते का हे पाहावे, आणि सगळी गाडी रंगवण्याआधी उरलेला मूळ रंग कुठे आहे हे शोधावे. तो बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, दाराच्या अस्तराखाली किंवा कंपनीच्या पट्टीच्या स्क्रूखाली सापडतो. तिथला हातभर भाग तसाच, न घासता, न झाकता ठेवावा, त्याचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढावे, आणि रंगाच्या जाडीच्या नोंदींची वही, बदललेल्या पट्ट्यांची मापे व कापलेला जुना पत्रा एका डब्यात घालून गाडीबरोबरच पुढच्या मालकाकडे जाऊ द्यावा.